सयाजीराव महाराज आणि सरकारी माणसांची नावे

बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांच्या पाट्या वाचत गेले, तर फडणीस, मुजुमदार, चिटणीस, पोतनीस, कारखानीस अशी आडनावे भेटतात. आज ती आडनावे आहेत, पण एके काळी ती कामे होती. फडणीस हिशेब लिही, मुजुमदार तो तपासून मंजूर करी, चिटणीस पत्रे लिही, पोतनीस रोकड सांभाळी. यातला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. काम बापाकडून मुलाकडे जाई. पुढे काम गेले, पण नाव घराला चिकटून राहिले.

आपले पूर्वज घाटावरून आणि कोकणातून इकडे का आले, याचे एक मोठे उत्तर या पाट्यांवरच लिहिलेले आहे. ते गायकवाडांच्या चाकरीसाठी आले. या चाकरीचे स्वरूप मुळापासून बदलणारा राजा म्हणजे तिसरे सयाजीराव महाराज. त्यांच्या शाळा, ग्रंथालये, बँक, लक्ष्मीविलास राजवाडा यांविषयी आपण नेहमी वाचतो. सरकारात काम करणारा माणूस कोण, तो कुणाचा, त्याला काय म्हणायचे, या प्रश्नावरही महाराजांनी आयुष्यभर काम केले. उतारवयात तर त्यांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला. त्या बाजूने त्यांचे चरित्र येथे सांगत आहे.

कवळाण्याचा गोपाळ

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव आणि आई उमाबाई. घराणे गायकवाडांचेच, पण दूरच्या शाखेचे, शेती करून राहणारे. राजगादीचा आणि या मुलाचा कधी संबंध येईल, असे त्या गावात कुणाच्या मनातही आले नसेल.

इकडे बडोद्यात १८७० साली खंडेराव महाराज वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर आले. त्यांचा कारभार इतका बिघडला, की इंग्रज सरकारने चौकशी नेमली. याच काळात, १८७४ मध्ये, दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण होते. त्यांनी घडी बसवण्याची खटपट केली, पण एकीकडे दरबार आणि दुसरीकडे रेसिडेंट अशा कात्रीत ते फार काळ टिकू शकले नाहीत. पुढे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हाररावांवर आला, खटला चालला आणि १८७५ मध्ये त्यांना पदच्युत करण्यात आले.

खंडेरावांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड घराण्यातली काही मुले बडोद्याला आणली गेली आणि त्यांतून गोपाळरावांची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान होऊन ते सयाजीराव झाले. वय बारा वर्षे, आणि अक्षरओळख जेमतेम. एफ. ए. एच. इलियट या शिक्षकांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकाच वेळी शिकायच्या होत्या. ज्याला स्वतःला एवढ्या भाषा मोठ्या कष्टाने शिकाव्या लागल्या, त्याला पुढे शब्दांचे महत्त्व वाटले, यात नवल नाही.

इजारदार, पोतदार, शिलेदार

हा मुलगा शिकत होता तेव्हा राज्याचा कारभार कोणत्या माणसांच्या हातात होता? ती माणसे ज्या नावांनी ओळखली जात, त्या नावांतच त्याचे उत्तर आहे.

महसूल गोळा करणारा होता इजारदार. महालाचा वसूल लिलावात काढायचा, जो जास्त रक्कम कबूल करील त्याला मक्ता द्यायचा. इजारदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरली, की त्याचे कर्तव्य संपले. शेतकऱ्याकडून त्याहून किती काढायचे हा त्याचा प्रश्न. त्याचा करार राजाशी होता, गावाशी नव्हता.

खजिना सांभाळणारा होता पोतदार. हा सरकारी नोकर नसे, सावकार असे. हरिभक्ती, गोपाळराव मैराळ या पेढ्यांची नावे बडोद्यात अजून लोकांच्या तोंडी आहेत. सरकारला पैसा लागला की पोतदार आगाऊ रक्कम देई, त्यावर व्याज आकारी आणि वसुलातून फेड करून घेई. म्हणजे ज्याच्याकडे तिजोरीच्या किल्ल्या, त्याच्याच कर्जात सरकार! बँकेत काम केलेल्या माणसाला या व्यवस्थेतला धोका समजावून सांगावा लागत नाही. सावकार आणि खजिनदार एकच असला, तर हिशेब कुणी कुणाचा तपासायचा?

फौजेत होता शिलेदार. बारगीर सरकारी घोड्यावर बसे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन येई. मराठ्यांच्या फौजेतला हा जुना फरक. लढाया थांबल्या, घोडे म्हातारे झाले, तरी शिलेदारांच्या नेमणुका घराण्यांत चालू राहिल्या. त्यांच्या वरच्या पायरीवर दरकदार होते. 'दरक' म्हणजे वंशपरंपरेने मिळालेला अधिकार. फडणिशी, मुजुमदारी ही अशीच दरकाची पदे. नाव, मान आणि नेमणूक घरात होती, प्रत्यक्ष काम मात्र हळूहळू दुसऱ्याच कारकुनाकडे गेले होते.

या सगळ्या नावांत एक गोष्ट समान आहे. बहुतेकांच्या शेवटी 'दार' आहे, म्हणजे धारण करणारा, बाळगणारा. इजारा बाळगणारा, दरक बाळगणारा. पद ही मालमत्ता होती, आणि मालमत्ता म्हटली की ती राखायची, वाढवायची आणि मुलाला द्यायची. कामाचा विचार त्यानंतर.

राजा टी. माधवराव

मल्हाररावांनंतर दिवाण म्हणून आले राजा सर टी. माधवराव. 'टी' म्हणजे तंजावर. त्यांचा जन्म १८२८ साली कुंभकोणमचा, घराणे तंजावरकडच्या देशस्थ मराठी लोकांचे. त्रावणकोरची दिवाणगिरी आणि मग इंदूरची, असा अनुभव घेऊन ते १८७५ मध्ये बडोद्याला आले. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने महाराष्ट्राबाहेरच्या मराठी राज्याची घडी बसवली, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

माधवरावांनी इजारे बंद करून पगारी अंमलदार नेमले. राज्याचे चार प्रांत केले: बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली. प्रत्येक प्रांतावर सुभा, त्याच्या हाताखाली नायब सुभा आणि महालावर वहिवाटदार. न्यायालये, पोलीस, शाळा, दवाखाने यांची खाती आखली गेली.

'वहिवाटदार' या शब्दातही 'दार' आहेच. पण इजारदार आणि वहिवाटदार यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक होता. वहिवाट म्हणजे चालवणे, व्यवस्था पाहणे. वहिवाटदाराला ठरलेला पगार होता, बदली होती, वरच्या कचेरीकडून तपासणी होती. त्याने शेतकऱ्याकडून जास्त वसूल केले तर तो नफा ठरत नव्हता, गुन्हा ठरत होता. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द आला आणि खेड्यातल्या माणसासाठी सरकारचा चेहरा बदलला. माधवराव १८८२ मध्ये बडोदा सोडून गेले, तोवर तरुण राजाला चालती गाडी मिळाली होती.

कारभार हाती आल्यावर

२८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. त्यांचा पहिला विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी, झाला होता. १८८५ मध्ये त्या अकाली वारल्या. त्याच वर्षी देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाईंशी विवाह झाला. त्या दुसऱ्या चिमणाबाई. पुढच्या आयुष्यात महाराजांना आपल्या तीन कर्त्या मुलांचे मृत्यू पाहावे लागले. राजवाड्यातले दुःख बाजूला ठेवून कचेरीचे काम चालू ठेवण्याची सवय त्यांना लवकर लागली.

महाराज राज्यात गावोगाव फिरत, तशाच परदेशाच्याही अनेक वाऱ्या करत. प्रत्येक ठिकाणी ते एक गोष्ट बारकाईने पाहत: तिथे काम कोण करतो, त्याची निवड कशी होते, त्याला कसे शिकवले जाते. बडोद्याच्या नोकरीत त्यांनी जी माणसे आणली, ती जात, प्रांत आणि देश न पाहता आणली. १८९३ मध्ये अरविंद घोष विलायतेहून थेट बडोद्याच्या नोकरीत आले. आधी महसूल आणि सचिवालयातले काम, नंतर बडोदा कॉलेजात अध्यापन अशी १३ वर्षे त्यांनी येथे काढली. सनदी नोकरीतून निवृत्त झालेले आणि अर्थशास्त्रज्ञ म्हणून नावाजलेले रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये महसूल मंत्री म्हणून आले आणि १९०९ मध्ये दिवाण असताना बडोद्यातच वारले. धंदेशिक्षणासाठी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती कलाभवन सोपवले गेले. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आले.

ज्यांची कामे पिढीजात समजली जात, त्यांनाही महाराजांनी नियमांच्या चौकटीत आणले. दरबारातल्या गवई-वादकांसाठी 'कलावंत कारखाना' होता. कारखाना म्हणजे येथे यंत्रे नव्हेत. हत्तीखाना, फरासखाना तसे हे दरबारी खाते. त्या खात्याला हजेरी, रजा, पगार यांचे नियम लागले. १८८६ मध्ये मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली आणि दरबारात वाढलेली विद्या गावातल्या मुलांना शिकता येऊ लागली. पुढे उस्ताद फैयाज खाँ याच दरबारचे गवई झाले. खाँसाहेबांसारखा कलावंत राज्याच्या नोकरपटावर असणे, ही बडोद्याची शान होती.

१९१५ मध्ये तर पुरोहितांसाठी कायदा झाला. पौरोहित्य करायचे असेल तर परीक्षा द्यावी लागेल, असा त्याचा गाभा. ज्या मंत्रांनी आपण लोकांची लग्ने लावतो, त्यांचा अर्थ ठाऊक असावा, ही अपेक्षा. भटजी हे पद जन्माने मिळते, या समजुतीला त्या काळी एवढा सरळ प्रश्न विचारणारा दुसरा राजा दिसत नाही.

माणसे वाढली ती सर्वांत जास्त शाळांत. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ मध्ये तो कायदा साऱ्या राज्याला लागू झाला. गावात सरकारचा माणूस म्हटला की पूर्वी वसुलीचा माणूस डोळ्यांपुढे येई. आता मास्तर दिसू लागला.

२० जुलै १९०८ रोजी बँक ऑफ बडोदाची स्थापना झाली. अमेरिकन आर्थिक सल्लागार राल्फ व्हिटनॅक आणि मुंबईचे विठ्ठलदास ठाकरसी, लल्लूभाई सामळदास यांच्यासारख्या जाणत्यांची मदत घेऊन ही बँक उभी राहिली. पोतदारांच्या पेढीत शेठ आणि मुनीम असत. तेथे विश्वास शेठच्या नावावर चाले. बँकेत मॅनेजर आला, कॅशियर आला, हिशेबनीस आला. यांतला प्रत्येक जण बदलला तरी खातेदाराची ठेव जागेवर राहते. माणसापेक्षा खुर्ची मोठी, ही गोष्ट आज साधी वाटते. ज्या शहरात राज्याचा खजिना सावकाराच्या घरी असे, त्या शहरात ती नवी होती.

१९११ च्या दिल्ली दरबारात महाराजांनी बादशहापुढे ठरलेल्या रीतीप्रमाणे मुजरा केला नाही, म्हणून इंग्रजी वर्तमानपत्रांत मोठे वादळ उठले. त्या प्रसंगाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मला त्यात एवढेच दिसते, की ज्याने आपल्या राज्यात लोटांगणाच्या चाकरीपेक्षा नियमाच्या नोकरीला मोल दिले, त्याला स्वतःलाही फार वाकणे जमले नाही.

जिथे पदनाम पुरले नाही

महाराजांचे चरित्र सांगताना १९१७ साल टाळून पुढे जाता येत नाही.

भीमराव आंबेडकर या तरुणाला मुंबईत बी.ए.पर्यंत शिकायला बडोद्याची मदत झाली होती. १९१३ मध्ये त्यांना कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठी बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली. करार असा होता, की शिक्षणानंतर दहा वर्षे राज्याची नोकरी करायची. अमेरिका आणि लंडन येथे शिकून ते सप्टेंबर १९१७ मध्ये कराराप्रमाणे बडोद्याला रुजू झाले. तेव्हा त्यांच्याएवढे शिकलेले अधिकारी साऱ्या राज्यात मोजकेच असतील.

कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकत. कचेरीतले पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे. गावात कुणी जागा देईना, म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तेथून बाहेर काढले. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे खटपट केली, पण वेळेवर काही मिळाले नाही. कमाटीबागेतल्या एका झाडाखाली बसून त्यांनी ते दुःख सोसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात.

या प्रसंगातल्या शब्दांकडे पाहिले, तर फार काही समजते. 'शिपाई' हा मूळ फौजेतला शब्द, सैनिक या अर्थाचा. कचेरीत आल्यावर त्याचा अर्थ कागद नेणारा, दार सांभाळणारा असा झाला. कचेरीच्या उतरंडीत तो सगळ्यांत खालचा आणि आंबेडकर अधिकारी. कागदावर हुकूम स्पष्ट होता, पण प्रत्यक्षात शिपायाने जातीची उतरंड पाळली आणि कचेरीतल्या वरिष्ठांनी ती पाळू दिली. राज्याने माणसाला पदनाम दिले, पगार दिला, पण त्या नावामागचा मान कचेरीतल्या माणसांकडून मिळवून दिला नाही.

महाराजांनी अंत्यज म्हणवल्या जाणाऱ्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. सवर्ण हिंदू मास्तर तेथे शिकवायला तयार होत नसत, म्हणून मुसलमान मास्तर नेमावे लागले आणि पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे ते काम आले. म्हणजे अडचण कुठे आहे, हे महाराजांना माहीत होते. तरीही त्यांच्याच शिष्यवृत्तीवर शिकलेल्या अधिकाऱ्याला त्यांच्याच राजधानीत राहायला एक खोली मिळाली नाही. त्या कचेऱ्यांतले कारकून आणि अधिकारी यांत आपलीही मराठी माणसे पुष्कळ होती, हे आपण विसरू नये.

आठ भाषांचा कोश

कारभाराच्या शब्दांचा विचार मराठी राज्यात नवा नव्हता. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, वाकनिसाला मंत्री, डबिराला सुमंत, सरनोबताला सेनापती ही नावे त्याच काळची. फारसी वळणाच्या नावांऐवजी संस्कृत नावे आली आणि स्वराज्याचा कारभार आपल्या भाषेत उभा राहिला.

बडोद्याची अडचण मात्र वेगळी होती. राजघराणे आणि पुष्कळसा अधिकारीवर्ग मराठी. प्रजा बहुतांशी गुजराती. जुन्या दप्तरात फारसी आणि उर्दू शब्दांची रेलचेल. वरच्या कचेऱ्यांत आणि रेसिडेन्सीशी व्यवहारात इंग्रजी. एकाच माणसाला हुकमात एक नाव, हिशेबात दुसरे, आणि गावच्या चावडीवर तिसरे. सयाजीरावांनी प्रजेची भाषा म्हणून गुजरातीला कारभारात मानाची जागा दिली. राज्याची 'आज्ञापत्रिका' गुजरातीत निघे. मराठी राजाने असे करावे, हे काही मराठी मंडळींना तेव्हा रुचले नसेल. पण वहिवाटदाराची नोटीस ज्याच्या दारावर लागते, त्याला ती वाचता आली पाहिजे, हा साधा हिशेब होता. त्यासाठी मराठीकडे पाठ फिरवावी लागली नाही. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने बडोद्यात भरली आणि सयाजी साहित्यमालेतून मराठी व गुजराती अशा दोन्ही भाषांत पुस्तके निघाली.

या विचाराचे फळ म्हणजे १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू'. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली अशा आठ भाषांतले राज्यकारभाराचे शब्द त्यात शेजारी शेजारी मांडले आहेत. हे काम सोपे नव्हते. 'दिवाण' घ्या. फारसीत दिवाण म्हणजे आधी नोंदवही, मग कचेरी, आणि मग त्या कचेरीचा मुख्य माणूस. 'कारकून' म्हणजे नुसता काम करणारा, पण आपल्याकडे तो लेखणी धरणाराच. 'नोकर' हा शब्द तर मूळ मंगोल, आणि तेथे त्याचा अर्थ सरदाराचा सोबती असा होता. फिरत फिरत आपल्या घरात येईतो त्याची पत केवढी उतरली! अशा शब्दांना सात भाषांत प्रतिशब्द शोधायचे, म्हणजे प्रत्येक पदाचे काम काय, हे आधी ठरवावे लागते. माणसाने नक्की काय करायचे, हे ठरल्याशिवाय त्याचे नाव ठरत नाही.

शेवट आणि पुढे

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. चौसष्ट वर्षांपूर्वी गादीवर बसलेला कवळाण्याचा मुलगा बडोद्याला जे देऊन गेला, त्याची यादी शाळेतल्या पोरालाही पाठ असते. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले, आणि १ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले. सुभे गेले, कलेक्टर आले. वहिवाटदाराचा मामलेदार झाला. कोठी कचेरी तेथेच राहिली, दारावरची पाटी तेवढी बदलली.

पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये 'पदनाम कोश' काढला. डायरेक्टरचा संचालक झाला, कमिशनरचा आयुक्त झाला. सुरुवातीला या शब्दांची टिंगल झाली, आज ते सर्रास वापरात आहेत. बडोद्याच्या कोशाने हा विचार तीस वर्षे आधी, आणि एका नव्हे आठ भाषांत केला होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

शब्द अजूनही बदलत आहेत. मी बँकेत लागलो तेव्हा शिपाई, दफ्तरी, हेड कॅशियर हे शब्द होते. निवृत्त होईपर्यंत कर्मचारी, सहकारी, असोसिएट असे शब्द आले. नवे नाव गोड असते, आणि ते द्यायला खर्च येत नाही. म्हणूनच सयाजीरावांच्या चरित्रातून एक कसोटी घ्यावीशी वाटते. इजारदाराचा वहिवाटदार झाला तेव्हा नावाबरोबर पगार, नियम आणि तपासणी आली, म्हणून ते नाव खरे ठरले. १९१७ साली अधिकारी हे नाव दिले गेले, पण त्याबरोबर पाण्याचा पेला आला नाही, आणि ते नाव खोटे ठरले.

दर ११ मार्चला आपण महाराजांच्या प्रतिमेला हार घालतो. कमाटीबागेच्या बाहेर काळ्या घोड्यावर महाराज आहेत, आणि आत थोड्या अंतरावर संकल्पभूमी आहे. चालत जायला पाच-सात मिनिटे लागतात. मुलानातवंडांना एक जागा दाखवायला नेले, की दुसरीही दाखवावी. आणि घरच्या पाटीवरचे आडनाव मूळ कोणत्या कामाचे, हेही त्यांना एकदा सांगावे.